जमाखर्चाची वही, परदेशीपुरा

क्लबाचा इतिहास म्हणजे एक वही,
लाल कापडी पुठ्ठ्याची, माझ्या सासऱ्यांच्या अक्षरातली.
पहिली नोंद: चेंडू एक, जुना,
कताई खात्याच्या स्कॉच साहेबाने जाताना दिलेला.
ब्लॅडर फुटके. दुरुस्ती सहा आणे.

मग माणसं.
गेंदालाल साचेवाला, लेफ्ट आउट, सामन्याला दोन रुपये,
जिंकल्यास पावशेर जलेबी वेगळी.
गोली दत्तू खांबेटे, पैसे नाहीत,
फक्त रात्रपाळी माफ.

बासष्ट साली महूच्या पलटणीकडून सात गोल.
खर्च: लिंबे, आयोडीन, परतीचा टांगा.
ते सात गोल टोकेकर मास्तरांनी
जमेच्या रकान्यात का लिहिले,
विचारायचं राहून गेलं.

भोंगा बंद पडला त्या वर्षी
नेट विकली, गिलक्यांच्या वेलासाठी, तीस रुपयांना.
खाली एकच ओळ, बासष्टपासून
पानापानावर ओढत आणलेली:
देणे, गेंदालाल, रुपये दोन.

परवा शोधत गेले. ओट्यावर बसला होता,
गुडघ्याला तेल लावत.
दोन नाणी त्याने तळहातावर फिरवून पाहिली
आणि एक परत दिलं.
म्हणाला, सेकंड हाफला
मी बाहेर होतो, बाई.