चौथी बाजू

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर,
यांचं चाकांवर.
नोव्हेंबर लागला की मिनेसोटाहून, आयोवाहून
बर्फाकडे पाठ करून निघतात
आणि टेक्सासच्या पार तळाशी,
देश संपायला सात मैल उरतात तिथे,
संत्र्याच्या बागेला लागून
पाण्याची नळी जोडतात, विजेची तार जोडतात,
दाराशी प्लास्टिकचा फ्लेमिंगो रोवतात.
झालं घर.

मंगळवार नाचाचा.
पाय सरकावेत म्हणून फरशीवर मक्याचं पीठ भुरभुरलेलं.
आर्लिसच्या गुडघ्यात स्टीलची वाटी,
व्हर्लिनच्या छातीत बॅटरी,
तिचा गॅरंटी कार्डाचा कागद तो पाकिटात घेऊनच नाचतो.
माइकवर डेलमार पुकारतो:
उजवा हात द्या, डावा सोडा,
जोडीदार बदला, फिरून घरी या.
घर म्हणजे
जिथून पहिलं पाऊल उचललं ती जागा. एवढंच.

चौकोनाला आठ माणसं लागतात.
यंदा सहा.
एक्केचाळीस नंबरच्या जागेत नुसता नळ उभा आहे.
ड्वेन मार्चमध्ये गेला,
लव्होनला मुलीने वर नेलं, डुलुथला.
पण म्हणून नाच मोडायचा नाही.
चौथी बाजू मोकळी ठेवायची,
तिथे भुतं नाचतात असं धरून चालायचं.
भुतंच म्हणतात, आणि हसतात.
रिकाम्या हवेत हात पुढे करतात,
कोणी धरत नाही,
तरी एक ठोका थांबतात,
ड्वेनला वळायला लागायचा तेवढाच.

गुरुवारी अख्खा पार्क नदीपलीकडे.
पुलाच्या तोंडाशी नाणं टाकून फिरकी ढकलायची.
खाली रिओ ग्रांदे, मोठी नदी म्हणे;
नाव सोनूबाई.
पलीकडे डॉक्टर ओचोआ चौथाई पैशांत दाढ बसवतो,
मग गल्लीतल्या हॉटेलात कोळंबी, बिअर,
आणि गिटारवाल्याला दोन डॉलर जास्त,
तो थांबावा म्हणून.
परतताना गणवेशातला पोरगा विचारतो,
काही जाहीर करायचंय?
आर्लिस आ करून दाखवते.
तोही हसतो. जा म्हणतो.

गुरुवारी पार्क ओस,
म्हणून एउस्तोलियालाही सुट्टी.
बाकी सहा दिवस ती हॉल पुसते, न्हाणीघरं पुसते.
बावीस वर्षं झाली.
पुलावरून म्हणे तिच्या आईच्या घराची पाण्याची टाकी दिसते, निळी.
हे तिला आर्लिसने सांगितलं.
उत्तरेला सत्तर मैलांवर तपासणी नाका,
दक्षिणेला पूल,
मधल्या पट्ट्यात तिने तीन मुलं वाढवली.

त्या मंगळवारी कुणाची तरी कॉफी सांडली.
बादली घेऊन ती चौकोनात शिरली,
नाच चालूच.
फडका मारून ती मागे सरली ती बरोबर चौथ्या बाजूला,
आणि डेलमारने डावा हात पुकारला तेव्हा
तिचा डावा हात आधीच पुढे आलेला होता,
ओला, रबरी मोज्यातला.
व्हर्लिनने धरला. आर्लिसने धरला.
ती एक फेरी पुरी फिरली,
एकही पाऊल न चुकता;
बावीस वर्षं भिंतीशी उभं राहून
पाठ झालेलं.

संगीत थांबल्यावर धाप लागलेली आर्लिस म्हणाली,
परवा चल ना आमच्याबरोबर, पलीकडे.
एउस्तोलियाने मोजा उलटा करून पाणी झटकलं.
म्हणाली,
गुरुवारी मला सुट्टी नसते.