गुरुवारची खोली

सिव्हिलच्या मागच्या अंगाला, एक्स-रेच्या पलीकडे
आमची एक लहानशी खोली होती.
बादलीत कोमट पाणी, ओल्या चुन्यासारखा वास,
आणि गुरुवारी, आत वळलेले पाय घेऊन येणारी पोरं.
पाय कोवळा असतो तोवर ऐकतो.
दर आठवड्याला थोडा बाहेर, आणखी थोडा,
रुसलेल्या मुलाला उंबऱ्यापर्यंत आणावं
तसा आणायचा.

मार्चात हिरामण भोयेला चौथं प्लास्टर घातलं.
पेठच्या पुढचा पाडा, वय अकरा आठवडे.
"पुढच्या गुरुवारी या," मी म्हणालो.

पुढच्या गुरुवारी एसटी नव्हती.
त्याच्या पुढच्या गुरुवारी खोलीच नव्हती.
बादलीच्या जागी ऑक्सिजनच्या टाक्या,
आणि मी, बावीस वर्षं फक्त पाय पाहिलेला माणूस,
त्या ढकलत होतो.
चादरीबाहेर कुणाचे पाय आले
की सवयीने टाचा बघायचो.

मग तिचा फोन. "काका, बोटं दिसंना झाली."
म्हटलं, कोमट पाण्यात बसव अर्धा तास,
टोक सापडेल, मग कांद्यासारखं सोलत जा.
पलीकडे पाण्याचा आवाज, पोराचा आकांत,
बऱ्याच वेळाने, "सापडलं."
आणि रेंज गेली.

दीड वर्षाने वही उघडली. त्रेचाळीस नावं.
सोळा फोन बंद. एक लागला तो दिंडोरीच्या द्राक्षबागेत,
मुकादम म्हणाला, ती माणसं छाटणी उरकून गेली.
एक बाई शांतपणे म्हणाली,
"ह्याचा बाप तुमच्याच दवाखान्यात गेला.
त्या पायऱ्या मी चढायची नाही."
वहीत 'गैरहजर' लिहायला पेन उचललं
आणि कळेना, कुणाच्या नावापुढे.

बागुल मॅडम म्हणाल्या, "मग आपण उतरू."

आता गुरुवार सावळघाटातून जातो.
जीपमध्ये प्लास्टरचे रोल, जुनी वर्तमानपत्रं,
भद्रकालीतल्या अहिऱ्यांनी मापावर शिवलेले बूट,
दोन्ही बुटांना जोडणारी पट्टी
त्यांनी सायकलच्या कॅरिअरमधून काढलेली.
पाणी अंगणवाडीच्या चुलीवर तापतं.

हिरामण कडेवरून आला, दोन वर्षांचा होत आलेला.
पाय पुन्हा आत. पण भीती होती तेवढा नाही.
आईने पिशवीतून गठ्ठा काढला,
कॅलेंडरची फाडलेली पानं,
प्रत्येकामागे कोळशाने ओढलेली पावलाची कड.
"तुम्ही गुरुवार सांगितला होता ना."

मॅडमनी पानं ओसरीभर मांडली.
पाऊल मोठं होत जातं, बाहेर वळू लागतं,
एका पानावर डाळीचा डाग,
मग लावणीच्या महिन्यांत पुन्हा आत.
"तवा मालिश नाही झाली," ती म्हणाली
चोरी पकडल्यासारखी.
त्या काळातला असा एकही कागद
आमच्या कपाटात नाही.

पूर्वी आयांना आम्ही दाराबाहेर बसवायचो,
रडणं बघवत नाही म्हणायचो, कुणाला ते न सांगता.
आता पाय तीच धरते, मी गुंडाळतो.
तिचा अंगठा नेमका त्या हाडावर.
हे मी शिकवलेलं नाही.

पाच प्लास्टरं, टाचेमागे एक बारीक छेद, मग बूट.
थोडं वाकडं राहील, मॅडमनी सरळ सांगितलं.
आई म्हणाली, "बांधावरून चालंल ना?"

काल रात्री साडेदहाला फोन वाजला. धसकलोच.
"काही नाही, काका. ऐका."
तिने फोन कुठेतरी नेऊन धरला.
झोपेत लाथा झाडतोय, बुटाची पट्टी
पत्र्याच्या भिंतीवर आपटतेय.
टण्.
मग बराच वेळ नुसता श्वास.
टण्.