अळसांद्याचा वाफा

बाबा पाडेली होते, पालयेत.
कमरेला कोयता, पायात काथ्याचा वळसा,
दिवसाला चाळीस माड.
चढताना कुणीही चढतं, म्हणायचे,
उतरताना माड तुझ्याकडे बघत असतो.
पडलेल्यांची नावं त्यांना पाठ होती.
बहुतेक सगळे शेवटच्या दोन हातांत सुटलेले:
जमीन दिसली की पायांना वाटतं, पोचलो.

आमचं विमान सड्यावरून उडतं.
उतरायचं मात्र खाली, कापणी झालेल्या शेतात,
कारण जांभा गुडघे खातो.
बांधावर बांबू, बांबूला नारिंगी पिशवी.
तिचं मी देवापेक्षा जास्त ऐकते.

आज माझ्या पोटाला चार आकड्यांनी बांधलेली
आवेलीन मास्कारेन्हस, वय एकसष्ट,
म्हापशाची निवृत्त सुईण.
सकाळी बाकावर बसवून दहादा सांगितलं तिला:
जमीन आली की गुडघे छातीकडे,
पाय समोर, उचललेले,
आधी टेकवायचे नाहीत.
ती म्हणाली, म्हणजे पायाळू नको.
मी म्हटलं, अगदी तसंच.
त्यानंतर तिने एकदाही चूक केली नाही.

पडण्याबद्दल काय सांगू.
ते पन्नास सेकंदांत संपतं
आणि त्यात माणसाला काही करायचं नसतं.

छत्री उघडली आणि सगळं गप्प झालं.
तेरेखोलची नदी, तिच्यात नखाएवढी फेरीबोट,
केरीच्या सुरूंची काळी कडा.
आवेलीन म्हणाली, इतकी शांतता
मूल रडायच्या आधी असते.
मी मनगटावरचा काटा बघत होते.

हजार फूट. वारा पाठीशी,
घरं पळतात, कौलं मोजता येत नाहीत.
सहाशे. वाऱ्याला आडवं,
छत्री खेकड्यासारखी चालते.
तीनशे. वाऱ्याला तोंड द्यायचं,
म्हणजे जमीन हळू येते, पाहुण्यासारखी.

मी तोंड दिलं, आणि पिशवी लोंबली.
एक क्षण मेलेली,
मग दुसऱ्या अंगाला भरली.
खारा वारा आज तासभर आधी उठला होता.
आता तो माझ्या पाठीत होता
आणि शेत खालून सरकत निघालं,
आवेलीनचा मुलगा, सून, वर धरलेले मोबाईल,
सगळे.

उजवा हात शिवशिवला.
एक दोरी ओढ, वळ, अजून जागा आहे.
दयानंदलाही जागा दिसली होती, सत्तर फुटांवर.
त्याच्या छत्रीला ओरखडासुद्धा नव्हता,
आम्ही ती घडी घालून त्याच्या घरी नेऊन दिली.

नाही वळले.
पंख सपाट ठेवले, बांध गेला,
बांधापलीकडे हिरवं काहीतरी वेगाने मोठं होत गेलं.
पाय, मी ओरडले.
पायाळू नको, ती ओरडली.
शेवटचे दोन हात.
दोन्ही दोऱ्या सारख्या, मांड्यांपर्यंत,
आणि आम्ही बसल्या बसल्या
ओल्या मातीतून घसरत गेलो, पंधरा-वीस पावलं,
पानं, वेली, काठ्या, सगळं अंगावर घेत.

मग कुणीच काही बोललं नाही.
आवेलीनने आधी आपले घोटे चाचपले,
मग मागे हात घालून माझे.

सोयरू गावडो पाण्याचा डबा घेऊन उभा होता.
एवढं आभाळ मोकळं होतं, बाय,
तुला माझाच वाफा मिळाला?
आवेलीन हसायला लागली ती थांबेना,
माझ्या पोटावर तिची पाठ हलत होती,
आकडे सोडायला मला तीनदा हात लावावा लागला.

रात्री वहीत लिहिलं:
उडी अकराशे बारावी. वारा फिरला, उशिरा दिसला.
खुणेपासून दोनशे दहा मीटर चुकले.
पाय चार, शाबूत.
अळसांदे दीड ओळ. देणं बाकी.