सुरंगीची फांदी

सावंतवाडीच्या शिबिरात काठी मिळाली,
मुठीत मधमाशी बसलेली.
समोर काही आलं की थरथरते:
गडगा असो, गोरू असो,
दांडीवर वाळत घातलेलं जाळं असो, सारखीच.
वासराची शेपूट आणि भिंत यांतला फरक
तिला अजून कळत नाही. कळेल.
काचबिंदू झाल्यावर मलाही वर्ष लागलं.

फोनातली बाई मात्र शहाणी.
"दोनशे मीटर सरळ जा," म्हणते,
आणि मोचेमाडचं नाव असं घेते
जणू घशात काटा अडकलाय.
पाखाडीवर पाऊल टाकलं की सांगते,
"पुढे रस्ता नाही."
अगं बाई,
याच चिऱ्यांवरून मी
डोक्यावर गॅसचा सिलिंडर आणलाय.

मग शिबिरातल्या तरन्नुमने शिकवलं,
आपल्या खुणा आपणच कशा ठेवायच्या:
बोट दाबायचं, बोलायचं, सोडायचं.
तीन सकाळी मी वाटेवर आवाज पेरत हिंडले.
हय गडगो संपता.
सातवी पायरी हलता, डाव्या अंगान चल.
साकव. खाली व्हाळ वाजता तो आयक.
पेडणेकरांचो कुत्रो. भुकता, चावणा नाय.
सुरंगीची फांदी. मान खाली.

आता माझाच आवाज
माझ्या दोन पावलं पुढे चालतो,
थोरल्या जावेसारखा हुकूम सोडत.

वैशाखात विजेच्या तारांसाठी
लाइनमनने ती फांदी छाटली.
फोनाला कोण सांगणार?
"मान खाली," मी म्हणते
आणि मीच मान खाली घालते.
दुकानाच्या बाकड्यावरची पोरं हसतात.
पुसून टाक गो, म्हणतात,
एक बटण तर दाबायचं.
फाल्गुनात ती माझ्या केसांना लागायची,
दिवसभर पदराला वास.
नाही पुसली.

परवा उभादांड्याहून अंतोन आला.
साखरेने त्याचे डोळे नेले, यंदाच.
माझी वाट त्याने आपल्या फोनात घेतली
आणि एकटाच निघाला सोसायटीत, रेशनला.
परतला तो घामाने भिजून,
पिशवी भरलेली, गुडघे शाबूत.

"काकी, सगळा बरोबर.
साकव गावलो, कुत्रो गावलो.
ती फांदी तेवढी खंय गावाक नाय."

"मगे? वाकलंस?"

"वाकलंय तर. दोनदा.
जाताना नि येताना."

मी चहा टाकला.