दुभाषी

तरोडा नाक्यामागं, दुसऱ्या मजल्यावर
आम्ही चौघी, आणि नेट एकच.
ते नुजहतच्या खोलीत राहतं,
फार्मसीच्या जाड पुस्तकांवर, पांढऱ्या डब्यात,
दोन कान ताठ करून.
महिन्याला प्रत्येकी एकशे साठ.
पासवर्ड : जसलीनच्या मांजराचं नाव, पुढं तीन शून्यं.

फोन सगळ्यांचे सुखानं चालतात.
अडलं माझंच.
धर्माबादचं कॅफे बंद झालं तेव्हा
तिथले दोन कॉम्प्युटर मी आणले एसटीनं.
कंडक्टरनं एकाचं लगेज फाडलं,
दुसऱ्याकडं बघितलंच नाही.
टायपिंगची कामं घेईन म्हटलं, लग्नपत्रिका, शपथपत्रं.
पण दोघांच्याही पाठीला फक्त एक चौकोनी भोक,
वायरीपुरतं.
हवेतलं त्यांना ऐकू येत नाही.

वायर ओढावी तर मध्ये हॉल,
आणि बिडवई काकांची अट : भिंतीला खिळा नाही.
तरी टाकली एकदा, निळी, अठरा मीटर, जमिनीवरून.
वनिता रात्रपाळी करून आली, दिवा न लावता,
आणि नुजहतचा डबा पुस्तकांसकट खाली.
"कामून गं असं करायलीस?"
वनिता गुडघा चोळत बसली.
फोनवर गजर लावण्यापलीकडं
तिला नेटाचं काही लागत नाही.

मग इतवाऱ्यात, भंगाराच्या ढिगात,
एक जुना राउटर. ऐंशी रुपये. एक कान मोडका.
"एक आहे ना घरात," जसलीन म्हणाली, "अजून कशाला?"
मी म्हटलं, हा देणारा नाही.
हा नुजहतच्या डब्याचं हवेतलं ऐकणार
आणि माझ्या दोघांना वायरीतून सांगणार.

सांगता सांगता आई दिसली,
मिरचीच्या यार्डात, पदर नाकाशी धरून.
निजामाबादचा व्यापारी तेलुगूत भाव पाडायचा,
बिलोलीचा माणूस मराठीत मान हलवायचा,
मध्ये आई, शिंक दाबत,
इकडचं तिकडं.
पावतीवर तिचं नाव कधी आलं नाही.
शिवी आली की तेवढी गाळायची,
दोघांनाही वाटायचं, समोरचा माणूस बरा आहे.

दोन रात्री गेल्या.
दोन्ही डब्यांचा घरनंबर एकच निघाला,
दोघंही म्हणत, मीच एक.
जुन्याला म्हटलं, तू दोन हो.
तरी तो पत्ते वाटायला बसायचा,
एकाच कॉम्प्युटरला हाही हात देई, तोही.
त्याचं ते काम काढून घेतलं.
घरात पत्ते पिसणारा एकच बरा.

हिरवा दिवा लागला.
तरी एकही साइट दार उघडेना.
खाली कोपऱ्यात बघितलं तर
कॉम्प्युटरच्या मते आज एक जानेवारी दोन हजार नऊ.
आतला सेल मेलेला, तारीख तिथंच थांबलेली.
त्याच्या हिशोबानं आई अजून यार्डात उभी होती.
आता भाव फोनवर येतात,
आई घरात तेलुगू मालिका बघते
आणि बाबांना मराठीत सांगते, कोण कोणावर रुसलं ते.
(मारामारी ती अजूनही गाळते.)

सेल पंचवीस रुपयांचा. तारीख हातानं घातली.
आणि दोघंही जागे झाले,
इतक्या वर्षांचं राहिलेलं एकदम मागू लागले,
हे अपडेट, ते अपडेट,
उपाशी पाहुण्यांसारखे ताटावरून उठेनात.

हॉलमधून नुजहतचा आवाज :
"काइकू इतना स्लो हो गया रे ये?
कौन खा रा पूरा नेट?"
आणि पुढं आणखी एक शब्द,
जो फार्मसीच्या पुस्तकांत नसतो.

कॉम्प्युटर माझ्याकडं बघत होते.
मी त्यांना सांगितलं,
ती म्हणाली, सावकाश जेवा.