खोडून देताव का

उदगीरला, भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर
माझं मशीन. अक्षराला दोन रुपये,
काना, मात्रा, वेलांटी फुकट.
सत्तावीस वर्षं स्टील टर्रर्र वाजतंय,
बोटांना झोपेतही मुंग्या.

परवा पाच-सहा वर्षांचं पोरगं
आईच्या पदराआडून मला सांगत होतं,
"ताईचं नाव नका घालू, काका.
ती जाणाराय की भांडे घेऊन."
कुणी शिकवलं, विचारलं नाही मी.
मलाही असंच कुणीतरी
न शिकवता शिकवलेलं.

एक नवाच लग्न झालेला, कानात इयरफोन,
बायकोचा डबा पुढं सरकवत म्हणाला,
"हिचंच घाला. मी परवानगी दिलीय."
प्रणिता. तीन अक्षरं.
परवानगीची पाच.

आणि रिटायर्ड तलाठी बिरादार, ऐंशीच्या पुढचे,
नातीच्या पेल्यावर बोट ठेवून म्हणाले,
"नुसतं तिचं. बापाचं नको, आडनाव नको,
पुढची जागा मोकळी सोड."
वयाचा माझा हिशेब
तिथंच चुकला.

काल कोंडाबाई आली.
पिशवीत नवंकोरं पातेलं,
सुनेनं पहिल्या पगारातून घेतलेलं,
वर सुनेचंच नाव, माझ्याच हातचं.
"खोडून देताव का?"
"कोरलेलं खोडत नसतंय, मावशी."
"मग वरून लेकाचं घाला."
"का म्हणून?"
"बाईचं नाव भांड्यावर? लोकं हसतेत."

वाक्य ओळखीचं वाटलं.
मग तिच्या मनगटावरचं गोंदण दिसलं, विंचवाचं,
एक नांगी पुसट.

बावीस वर्षं झाली असतील.
रोजगार हमीच्या पैशातून घेतलेला तांब्या
छातीशी धरून हीच उभी होती, इथंच.
हळूच म्हणाली होती, "माझंच घाला."
आणि मशीन बंद न करता, मान वर न करता
मी म्हणालो होतो,
"मालकाचं नाव सांगा, बाई.
बाईचं नाव भांड्यावर? लोकं हसतेत."
तेव्हा अक्षराला चार आणे.
गंगाधर. एक रुपया.
तिनं पदराच्या गाठीतून काढून दिला होता.

वाक्य कुणाचं, तिला आठवत नाही.
ते आता तिचंच झालंय,
वापरून वापरून गुळगुळीत.
आणि माझ्या घरी
इंदूच्या एकाही ताटावर इंदू नाही.

पातेलं फिरवून बघितलं.
सुनेच्या नावाशेजारी जागा होती.
"कोंडाबाई, तुमचं घालू का इथं?
पैसे नकोत."

"येड्यावानी काय बोललालाव," म्हणाली ती.
पातेलं मात्र उचललं नाही.
रस्त्यावर कोण कोण आहे
ते बघत राहिली.