नमुना वर्ष

फाइल उघडली की आधी गावाचं नाव येतं,
मग अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची,
आणि मग ओळी. आठ हजार सातशे साठ.
तासाला एक.

जानेवारी एक्क्याण्णवचा.
फेब्रुवारी त्याच्या सात वर्षं आधीचा.
मे अठ्ठ्याऐंशीचा, कारण त्या सगळ्या वर्षांत
तोच बेताचा, मधला, कुणाच्या डोळ्यांत न भरणारा.
लग्नघरी मागून आणलेल्या भांड्यांसारखे
बारा महिने एका रांगेत मांडलेले,
प्रत्येकावर कोरलेलं नाव वेगळं.
हे वर्ष कुणी जगलेलं नाही.
या वर्षात कुणाचं बारसं झालं नाही.
तरी गेली नऊ वर्षं मी माझ्या सगळ्या इमारती
याच वर्षात उभ्या करते.

आताची मुलींच्या वसतिगृहाची.
भुसावळ, यावल रस्ता, तीन मजले,
नर्सिंगच्या एकशे चाळीस मुली.
पडद्यावर भिंती हिरव्या होतात, म्हणजे ठीक.
मेमधल्या पहाटे चारला फाइल म्हणते
पंचवीस पूर्णांक आठ.
खिडक्या उघडा, म्हणते, रात्र आत घ्या,
स्लॅब निवेल.

मागच्या मेअखेर मी सतरंजी घेऊन
शेजारच्या अर्धवट बांधकामावर गेले.
वॉचमन सुपडू कोळी म्हणाला,
मॅडम, वर नका जाऊ, तवा आहे.
पहाटे चारला हात टेकवला.
तवा नाही अगदी;
तापातल्या मुलाच्या पोटासारखं काहीतरी.
हवा तेहतीस पूर्णांक एक.
केळीच्या बागांकडून ओला, जड वारा,
कूलरच्या गवताला काही कामच न ठेवणारा.

अठ्ठ्याऐंशीचा मे ज्यांनी नोंदवला
ते लुकमान तडवी आता सावद्याला मुलाकडे असतात.
तासातासाचे आकडे बघून हसले.
"मी तर दिवसातून दोनदा जायचो वेधशाळेत.
मधले तास कोनी भरले?"
मग जरा वेळानं,
बिस्कीट चहात बुडवून तसंच धरून:
"बहिन, एक सांगू? त्या मेत एकोणीस तारखेला
मुबीना झाली. मी दवाखान्यात होतो.
आदल्या दिवशीचाच आकडा खाली उतरवला.
म्हनलं, कालच्यापेक्षा आज काय येगळं आसन?"
बिस्कीट तुटून कपात पडलं.

म्हणजे बारसं झालं होतं.

नवी फाइल कुणाकडे नाही. रीत मात्र आहे:
जुनी ओळ घ्या, थोडी वर सरकवा, थोडी ताणा,
पन्नास सालच्या मापाची करा.
तसं केलं. तिसरा मजला लाल झाला,
पश्चिमेकडच्या बारा खोल्या सगळ्यात आधी,
एप्रिल लागायच्याही आत.
ट्रस्टचे झोपे साहेब चष्मा पुसत म्हणाले,
नियमात जुनी चालते ना? मग?
मी गच्चीवर पांढऱ्या फरश्या मागितल्या,
दोन फुटांचे छज्जे, दारांवर झरोके.
फरश्या मिळाल्या. छज्जे सव्वा फुटावर आले.
झरोक्यांपुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं,
मोठं, सुबक, शाईच्या पेनानं.

मला त्यांचा रागही धड येईना.
लुकमानभाईंनी एका दिवसाचा अंदाज लिहिला
आणि छत्तीस वर्षं मनात ठेवला.
मी वर्षभराचा लिहिते,
न आलेल्या वर्षाचा,
आणि खाली सही करून बिल लावते.

एक थर्मामीटर सुपडूकडे ठेवून आले.
तो रोज पहाटे फोटो पाठवतो,
अर्ध्या फोटोत त्याचा अंगठा.
एकतीस पूर्णांक सहा. बत्तीस पूर्णांक चार.
मी वहीत उतरवते, पेन्सिलनं.

बावीस तारखेला फोटो आला नाही.
आदल्या दिवशीच्या आकड्यावर बोट ठेवून
बराच वेळ बसले,
मग ओळ रिकामी सोडली.
दुपारी फोन केला तर ओशाळून म्हणाला,
डोळा लागला हो मॅडम,
काल जरा गार होतं.